पत्र कोणाचे, हे कोणी ठरवावे? मर्यादामुद्रेपासून मेलिंग लिस्टपर्यंत

१/ कोणतेही जुने पत्र हाती आले की इतिहासाच्या अभ्यासकाला पहिला प्रश्न मजकुराचा पडत नाही. हे पत्र ज्याच्या नावाने आहे त्यानेच ते धाडले कशावरून, हा प्रश्न आधी पडतो. आपल्या मेलपेटीच्या दाराशी उभी असलेली यंत्रे आज दिवसरात्र हेच विचारीत असतात. आजचा धागा त्या प्रश्नाचा आहे. आणि त्याचे उत्तर शोधताना मेलिंग लिस्ट नावाच्या एका जुन्या, उपयोगी व्यवस्थेची जी ओढाताण झाली, तिचाही आहे. धागा लांब आहे. सवडीने वाचावा.

२/ मी नायगावचा. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. आमच्या भागातील जुने दप्तर तीन लिप्यांत विखुरलेले आहे: मोडी, फारसी-उर्दू आणि बाळबोध. कागद निजामाच्या अमलातला असला तर वाचणारा हैदराबादेत शोधावा लागतो, मोडी असला तर पुण्यात. म्हणून काही वर्षांपूर्वी मी मोडी वाचकांच्या एका मेलिंग लिस्टचा सभासद झालो. एकाने संस्थेच्या एकाच पत्त्यावर मेल पाठवावा आणि तो सर्वांच्या घरी पोचावा, अशी ही सोय. पुणे, इंदूर, तंजावर आणि अमेरिकेतली मराठी मंडळी तीत होती.

३/ एकाचे पत्र मधल्या हाताने अनेकांपर्यंत जाणे, ही कल्पना आमच्या जिल्ह्याला नवी नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंग नांदेडला होते. गोदाकाठच्या माधोदास बैराग्याला त्यांनी आपला केले, बंदा सिंग म्हणून पंजाबात धाडले आणि तिथल्या शिखांच्या नावे हुकूमनामे दिले. पंजाबातल्या संगतींनी या माणसाला पूर्वी कधी पाहिले नव्हते. परंपरा सांगते की गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाणही दिले होते. म्हणजे पत्र, आणि पत्र आणणारा खरा आहे हे पटवणारी खूण, या दोन्ही गोष्टी सोबत गेल्या.

४/ मराठी राज्याच्या दप्तराने या खुणांचे शास्त्रच बनवले होते. शिवाजी महाराजांचे रांझ्याच्या पाटलासंबंधीचे २८ जानेवारी १६४६ चे पत्र आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रात पाहिले असेल. अशा पत्राच्या माथ्यावर राजमुद्रा असते आणि मजकूर संपताच लगेच मर्यादेची छोटी मुद्रा येते. ती मुद्रा सांगते की लेखनाची हद्द इथे संपली. यापुढे एखादी ओळ दिसली तर ती आमची नव्हे. लांब पत्रासाठी कागद चिकटवून जोडले जात, तेव्हा पाठीमागे जोडावरही शिक्का उमटवीत. मधला एखादा तुकडा कोणी बदलू नये, एवढ्यासाठी.

५/ एवढी काळजी कशासाठी, हे तोतयाच्या प्रकरणावरून कळते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी आमच्या शेजारच्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. त्यानंतर वर्षभरातच, १४ जानेवारी १७६१ रोजी, ते पानिपतावर पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक माणूस उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत पडला, सुटला आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड मांडले. त्याला किल्ले मिळाले, माणसे मिळाली. अखेर पुणे दरबाराने त्याला धरून त्याच वर्षी देहदंड दिला. नाव एकाचे आणि माणूस दुसरा, एवढ्यानेच राज्य हादरले होते.

६/ दुसरा धोका वाटेतल्या हाताचा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा. राघोबादादांनी गारद्यांना 'धरावे' असे लिहिले होते आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केले, अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी; पण भाषेने तिचा वाक्प्रचार करून ठेवला, यावरून त्या भीतीचे वजन कळते. इथे पत्र खऱ्या माणसाचे असते, बदललेले असते ते एकच अक्षर. तोतया आणि 'ध'चा 'मा' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. पुढचे सारे तंत्रज्ञान या दोहोंवरचाच इलाज आहे.

७/ आता ईमेलकडे येऊ. मेल कसा पोचवावा याचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि काही सरकारी खाती. सगळे एकमेकांना ओळखीत. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या जागी कोणी कोणाचेही नाव घातले तरी ते तपासण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. शिवाय नावे दोन असतात: एक पाकिटावरचे आणि एक आतल्या पत्रावरचे. पाकिटावरचे नाव टपाल नेणारी यंत्रे पाहतात, आतले आपण वाचतो. ही दोन नावे एकच असली पाहिजेत असे बंधन नव्हते, आणि आजही मूळ नियमात ते नाही.

८/ मेलिंग लिस्टा याच मोकळ्या काळात वाढल्या. त्यांचा कारभार आपोआप चालवणारी 'लिस्टसर्व्ह' ही प्रणाली १९८६ ची. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या दशकात परदेशी गेलेली मराठी मुले युजनेटवरच्या 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' या चर्चागटावर रोमन अक्षरांत मराठी लिहीत होती. पुढे मेलवर चालणारे याहू ग्रुप्स आले आणि कित्येक मराठी मंडळांचा, गावकऱ्यांचा, माजी विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार तिथे साठला. १५ डिसेंबर २०२० रोजी ते दालन कायमचे बंद झाले.

९/ मोकळ्या दारातून तोतये यायला वेळ लागला नाही. बँकेच्या नावाने, मित्राच्या नावाने, सरकारी खात्याच्या नावाने खोटे मेल येऊ लागले. त्यावर तीन उपाय टप्प्याटप्प्याने निघाले. त्यांची नावे रुक्ष आहेत: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावांनी बिचकू नये. पेशव्यांच्या डाकव्यवस्थेची थोडी ओळख असलेल्याला ते तिन्ही सहज उमगतात.

१०/ पहिला उपाय जासुदाचा. पेशवाईत पत्रे जासुदांच्या जोडीबरोबर जात. समजा, एखाद्या सरदाराने जाहीर करून ठेवले की माझ्या घरची पत्रे फक्त हे अमुक जासूदच आणतील, दुसऱ्या कोणी आणले तर ते माझे समजू नये. एसपीएफ म्हणजे हीच यादी. प्रत्येक डोमेन आपल्या वतीने मेल नेणाऱ्या सर्व्हरांची यादी जाहीर करते आणि घेणारा ती पडताळतो. तिचा पहिला अधिकृत मसुदा एप्रिल २००६ चा. यात पत्राचा मजकूर पाहिला जात नाही. फक्त आणणारा पाहिला जातो, आणि तोही पाकिटावरच्या नावाशी ताडून.

११/ दुसरा उपाय मुद्रेचा. डीकेआयएमचा मसुदा मे २००७ चा. पाठवणारा सर्व्हर मजकुराचे आणि निवडक मथळ्यांचे गणित करून त्यावर गुप्त किल्लीने एक मुद्रा उमटवतो. ती पडताळण्याची उघड किल्ली डोमेनच्या नोंदीत सर्वांसाठी ठेवलेली असते. महाराजांच्या मुद्रेचा ठसा प्रत्येक पत्रावर एकच असे. ही मुद्रा मात्र प्रत्येक पत्राच्या मजकुरातूनच घडते. एक अक्षर बदलले की ठसा जुळत नाही. 'ध'चा 'मा' झाला की तत्क्षणी कळते. जुन्या कारकुनाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

१२/ तिसरा उपाय हुकुमाचा. डीमार्क २०१२ मध्ये पुढे आला आणि मार्च २०१५ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात डोमेनचा मालक जगातल्या सर्व द्वारपालांना सांगून ठेवतो: आतल्या पत्रावर माझे नाव असेल तर एक तर जासूद माझाच असावा किंवा मुद्रा माझीच असावी. दोहोंपैकी काहीच जुळले नाही तर काय करायचे याच्या तीन पायऱ्या आहेत. नुसते मला कळवा, संशयितांत टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. आपण जे नाव वाचतो त्याच्याशी तपासणीची सांगड घातली गेली ती इथे. तोतयाच्या वाटेत ही मोठीच भिंत होती.

१३/ आता मेलिंग लिस्ट काय करते ते पाहा. सभासदाचा मेल ती घेते आणि आपल्या सर्व्हरवरून सर्वांना धाडते. म्हणजे जासूद बदलला. विषयाच्या आधी ती चौकटी कंसात गटाचे नाव घालते आणि मजकुराच्या शेवटी 'सभासदत्व सोडण्यासाठी येथे लिहा' अशी ओळ जोडते. म्हणजे मर्यादेच्या मुद्रेखाली नवी ओळ लिहिली गेली. जासूद गेला, मुद्रा मोडली, आत नाव मात्र मूळ लेखकाचेच राहिले. द्वारपालाच्या नजरेतून हा मेल तोतयाच्या मेलहून वेगळा कसा ओळखावा? ओळखता येत नाही. सद्हेतूने जोडलेली ओळ आणि दुष्टपणाने बदललेले अक्षर यांत गणिताला फरक दिसत नाही.

१४/ कोणी म्हणेल, शेवटी जोडलेली ओळ तपासणीतून वगळावी. डीकेआयएममध्ये तशी सोय आहेच. मजकूर अमुक लांबीपर्यंतच मोजावा असे सांगता येते. पण मग मर्यादेच्या मुद्रेखाली कोणीही काहीही लिहावे आणि वर मुद्रा खरीच दिसावी, अशी स्थिती होते. म्हणूनच ही सोय न वापरण्याचा सल्ला जाणकार देतात. जुन्या चिटणिसांनी मजकुराच्या शेवटाला एवढे का जपले, ते इथे पुन्हा कळते.

१५/ हा पेच कागदावर आधीपासून ठाऊक होता. तो अंगावर आला एप्रिल २०१४ मध्ये. याहूच्या सभासदांची नावे घेऊन त्यांच्या ओळखीच्यांना खोटे मेल जाण्याची लाट आली होती. याहूने आपल्या डोमेनसाठी 'दारातूनच परत पाठवा' ही कडक पायरी लावली, आणि त्याच महिन्यात एओएलनेही. खोट्या मेलना आळा बसला. पण याहूचा पत्ता असलेला माणूस कोणत्याही लिस्टवर लिहू लागला की त्याचा मेल इतरांच्या दारातून परत येऊ लागला. गंमत पुढेच आहे. परत आलेल्या मेलांची मोजदाद लिस्टची प्रणाली घेणाऱ्यांच्या खात्यावर मांडी. फार मेल परत आले की तो पत्ता मृत समजून त्याचे सभासदत्व थांबवी. लिहिले याहूवाल्याने, नाव कटले दुसऱ्याचेच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

१६/ आमच्या गटाला याची झळ बरीच पुढे लागली. गटात उदगीरकडचे एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. वय ऐंशीच्या घरात, मोडीवर विलक्षण हुकमत. नायगाव परिसरातल्या एका वतनाच्या कागदावरची तारीख मला लागत नव्हती, ती त्यांनी लावून दिली होती. एकाएकी त्यांचे मेल थांबले. तीन आठवडे काही नाही. प्रकृतीची काळजी वाटून मी फोन केला. ते म्हणाले, "मी तर दर दोन दिवसांनी लिहितोय रे. तुम्हीच कोणी उत्तर देत नाही. म्हटलं, म्हाताऱ्याचा कंटाळा आला असेल पोरांना."

१७/ त्यांच्या मेलसेवेने नियम कडक केले होते आणि आमची लिस्ट जुन्या पद्धतीनेच चालत होती. ज्यांची मेलसेवा सौम्य होती त्यांना गुरुजींचे मेल संशयितांच्या ढिगात मिळाले, बाकीच्यांना मिळालेच नाहीत. कोणाचा हेतू वाईट नव्हता. तरी एका वृद्ध माणसाने तीन आठवडे असे मानले की आपले बोलणे आता कोणाला नको आहे. तंत्रज्ञानाच्या हिशेबात या गोष्टीला रकाना नसतो, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

१८/ यावरचा प्रचलित उपाय आमच्या चालकांनी केला. एप्रिल २०१४ नंतर बहुतेक लिस्टांनी तोच स्वीकारला आहे. आतल्या पत्रावरचे नावच बदलायचे. लेखकाच्या पत्त्याच्या जागी गटाचा पत्ता घालायचा आणि जमल्यास 'अमुक, गटाद्वारे' असे दाखवायचे. मग नाव गटाचे, जासूद गटाचा, मुद्रा गटाची. सारे जुळते आणि द्वारपाल वाट देतो. गुरुजींचे मेल पुन्हा येऊ लागले. सगळ्यांना हायसे वाटले.

१९/ परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थबकले पाहिजे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपण शिकत आलो ते हेच की अस्सल कागद आणि त्याचा कर्ता यांना धरून राहावे. आता आमच्या गटाच्या साठवणीत गुरुजींचे वाचन गटाच्या पत्त्याखाली आहे. मध्यंतरी एका तरुण अभ्यासकाने त्यांनी लावलेली तारीख उद्धृत केली आणि आधार म्हणून गटाचे नाव दिले. त्याचा दोष नाही. त्याला दिसले तेच त्याने लिहिले. पण पन्नास वर्षांनी कोणी ती तारीख तपासायला घेतली, तर हे वाचन कोणत्या जाणत्याचे, हे त्याला कळणार कसे?

२०/ मराठी दप्तराने मधल्या हाताचा प्रश्न कसा सोडवला होता ते आठवते. वतनाच्या आज्ञापत्रांच्या शेवटी अधिकाऱ्यांना बजावलेले असे की या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी वतनदाराकडे परत द्यावे. मधल्याने अस्सलाला हात लावायचा नाही. त्याने आपली प्रत करावी. आणि ती प्रत प्रतच आहे हे तिच्यावर लिहावे. आजही तहसिलातून जुनी नोंद काढली की खाली 'अस्सलबरहुकूम खरी नक्कल' असा शेरा आणि देणाऱ्याची सही असते. मी मूळ पाहिले आणि हे त्यानुसार आहे, अशी ती जबाबदारी घेणे होय. मराठवाड्यात खासरा पाहणी पत्रकाची किंवा निजामकालीन नोंदीची नक्कल काढायला गेलेल्या प्रत्येकाला त्या दोन शब्दांची किंमत माहीत आहे.

२१/ ईमेलच्या जगातही हीच वाट पुढे सुचली. 'आर्क' नावाची ही पद्धत जुलै २०१९ मध्ये प्रयोग म्हणून प्रसिद्ध झाली. तीत मधला सर्व्हर नोंद करतो की माझ्याकडे हा मेल आला तेव्हा त्याचा जासूद आणि मुद्रा मी तपासली, ती अशी अशी होती. आणि त्या नोंदीवर स्वतःची मुद्रा उमटवतो. मेल चार हातांतून गेला तर चौघांच्या नोंदींची साखळी होते. पुढे मजकुरात ओळ वाढली तरी मूळ कोणाचे होते याची साक्ष राहते. 'अस्सलबरहुकूम'चाच हा यंत्रावतार.

२२/ मात्र शेऱ्याची किंमत शेरा मारणाऱ्याच्या पतीवर ठरते. तलाठ्याचा शेरा चालतो, शेजाऱ्याचा चालत नाही. तसेच कोणत्या मधल्या सर्व्हरच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा, हे घेणाराच ठरवतो, आणि मोठ्या मेलसेवा ओळखीच्या मोठ्या घरांना सहज मानतात. चार हौशी लोकांनी चालवलेल्या लहान लिस्टची साक्ष कोण मानणार? फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम आणखी आवळले. दिवसाला ५,००० हून अधिक मेल जीमेलच्या खात्यांवर धाडणाऱ्याला हे तिन्ही उपाय सक्तीचे झाले. लहानांनाही जासूद किंवा मुद्रा यांपैकी एक हवेच. तोतयांपासून वाचायचे तर हे नियम हवेतच. पण त्यांचे ओझे लहान गटांना जास्त जाणवते, हेही खरे.

२३/ म्हणून लहान अभ्यासगट चालवणाऱ्यांना तीन सूचना. पहिली: शक्य असेल तर लिस्टने विषयात आणि मजकुरात काहीही जोडू नये. मेल जसाच्या तसा पुढे गेला तर लेखकाची मुद्रा सहसा टिकते आणि नाव बदलावे लागत नाही. तालीक घेऊन असल परत देण्याचाच हा प्रकार. दुसरी: नाव बदलणे भागच असेल तर लेखकाचे नाव आणि पत्ता 'उत्तर येथे द्या' या मथळ्यात तरी राहील असे करावे. तिसरी, आणि ती लिहिणाऱ्यांसाठी: प्रत्येक मेलच्या शेवटी आपले पूर्ण नाव, गाव आणि तारीख स्वतः लिहावी. यंत्राने मथळा बदलला तरी मजकुरातली सही राहते. गुरुजी आता तसेच करतात. खाली मोडीतल्या सहीचे छायाचित्रही जोडतात.

२४/ एक गोष्ट या सर्वांत निसटू नये. जासूद खरा, मुद्रा खरी, म्हणून मजकूर खरा असे होत नाही. खऱ्या मुद्रेच्या पत्रातही सरदार आपला पराजय झाकून लिहीत. कागद कोणाचा हे ठरवणे म्हणजे बहिरंग परीक्षण. तो काय सांगतो आणि का सांगतो हे तपासणे म्हणजे अंतरंग परीक्षण. यंत्र पहिले काम आपल्यासाठी करू लागले आहे, कधी चुकत, कधी अति करीत. दुसरे काम मात्र अजून आपल्यालाच करावे लागते.

२५/ आपल्यापैकी कितीतरी जण रोज मोडी कागदांची छायाचित्रे एका गटातून दुसऱ्या गटात पाठवतात. त्यांवर ना मुद्रा असते, ना मर्यादा, ना जासुदाचे नाव. तेव्हा पुढे पाठवताना एक ओळ लिहावी: हा कागद मला कोणाकडून मिळाला, त्यांना कोठे मिळाला, वाचन कोणाचे. आपल्या घरी असा एखादा कागद असेल आणि तो कोणाचा हे ठाऊक असेल, तर ते आजच पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. पुढच्या धाग्यात तालीक आणि असल यांतला फरक छायाचित्रांसह पाहू.